एका तुकड्याच्या साऱ्या रेकॉर्डी

आमच्या ह्यांना कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नाही. धाकटे तेलवाले म्हणतात. मोठे तेलवाले म्हणजे माझे सासरे. बापलेकांनी एकाच कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात जन्म काढला, आणि दोघांच्याही शर्टाच्या खिशावर तेलाचा तोच डाग. लग्न होऊन आल्यापासून मी तो डाग घासते आहे. आधी दोघांच्या शर्टांवरचा घासायचे, आता ह्यांच्याच, कारण सासरे अंथरुणाला खिळलेत.

हे मशीन बघून दुरुस्त करत नाहीत, ऐकून करतात. शिवणाऱ्या बायका तक्रार सांगायला लागल्या की हात वर करून त्यांना गप्प करतात आणि म्हणतात, "चालव." मशिनानं जेमतेम वीतभर शिवण घातली की ह्यांना कळतं, बॉबिनचा स्क्रू सैल आहे की पट्टा ताणलाय. घरी मात्र ह्याच कानांना बायको काय म्हणते ते ऐकू येत नाही. गॅस संपत आलाय, मोरीचा नळ गळतोय, हे सगळं मी भिंतीला सांगते. भिंत बरी, तिच्यावर निदान आवाज आपटून परत तरी येतो.

माणूस सरळ आहे, ते मी नाकारणार नाही. पण एखादी वस्तू चुकीची चालताना दिसली की ह्यांचे हात शिवशिवायला लागतात. शेजाऱ्यांचं दार करकरलं की चोचीची तेलाची डबी घेऊन हे हजर. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तर चहा यायच्या आत त्यांचं भिंतीवरचं घड्याळ ह्यांच्या मांडीवर. "कंपनीनं जसं बनवलं तसंच चाललं पाहिजे," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. मी एकदा विचारलं होतं, मला कुठल्या कंपनीनं बनवलं ते बघा आणि एकदा तेल घाला. हसलेसुद्धा नाहीत.

गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तोंडातून चकार शब्द निघेना. मी कारखान्यातलं इस्त्रीचं काम सोडलं आणि घरीच काजं-बटणं करायला घेतली, कारण त्यांच्यापाशी कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच हे न बोलता ठरलेलं होतं. अंग पुसा, कूस बदला, चादर बदला, भरवा, तोंड पुसा, पुन्हा चादर बदला. संध्याकाळपर्यंत माझी कंबर माझी राहत नसे.

मग एके दिवशी सासरे गुणगुणायला लागले. शब्द गेले, पण सूर राहिला होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूतली एखादी जागा शाबूत राहते. मला आधी बरं वाटलं. पण ते दिवसभर एवढंच गुणगुणायचे, एक इवलासा तुकडा. खालून वर चढायचा, एक पायरी घसरायचा आणि धपकन थांबायचा. मग मोकळी जागा. मग पुन्हा तोच. त्या मोकळ्या जागेत माझी सुई कापडात तशीच राहायची, आता पुढचा येतो की नाही म्हणून. तो यायचाच. डोक्याला नुसता ताप झाला होता.

हे घरी आले आणि दारातच थांबले. म्हणाले, "अगं, हे तर बाबांच्या रेकॉर्डमधलं आहे."

ती रेकॉर्ड मलाही माहीत होती. कारखान्याच्या कुणा गिऱ्हाइकानं फार पूर्वी सासऱ्यांना खुशीनं दिलेली. परदेशी गाणं. ब्लूज म्हणतात त्या जातीचं, राबून थकलेल्या माणसांचं. घरात कुणाला त्याचा शब्द कळत नव्हता, पण सासरे कामावरून आले की हात धुऊन ती लावायचे, असं म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई आजारीच होत्या आणि वर्षाच्या आत गेल्या. त्यानंतर ह्यांनी, बापाला जरा विरंगुळा म्हणून, तो रेकॉर्ड प्लेअर अख्खा खोलला. आतून काय काय काढलं, काय काय घासलं, नवा पट्टा घातला, वेग तपासला. दोन रविवार जमिनीवर स्क्रू पसरलेले, मला झाडू मारू देईनात. मग मोठ्या हौसेनं बापाला बोलावून रेकॉर्ड लावून दाखवली. सासऱ्यांनी पूर्ण ऐकली. म्हणाले, "आता बरोबर झालं." झाकण लावलं, वर कापड टाकलं आणि पुन्हा कधी ते उघडलं नाही. आम्हाला वाटलं, सासूबाई गेल्यावर त्यांचं मन उडालं.

तेच कापड ह्यांनी आता काढलं. प्लेअर सासऱ्यांच्या खाटेशी आणून ठेवला आणि रेकॉर्ड लावली. गिटारचा तोच तुकडा, मग मोकळी जागा, त्या जागेत गाणाऱ्याचा आवाज, मग पुन्हा तुकडा. सासऱ्यांचे डोळे लकाकले. क्षणभरच. मग त्यांनी मान फिरवली आणि डावा हात उचलून बोट हवेत गोल गोल फिरवलं.

"दुसरी बाजू म्हणताहेत," हे म्हणाले. दुसरी बाजू लावली. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. पहिली बाजू परत लावली. पुन्हा बोट गोल गोल, आणि चेहऱ्यावर असा त्रास, की आम्ही दोन खुळे त्यांच्यासमोर उभे आहोत आणि त्यांना आमची कीव येतेय. मग ते स्वतःच गुणगुणायला लागले. रेकॉर्ड एकीकडे, ते एकीकडे.

"सूर चढलाय बाबांचा," हे म्हणाले. "आजारानं बिघडला असेल."

त्या दिवशी सासऱ्यांनी जेवताना तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही निम्म्यावर मान फिरवली.

मी ओट्याशी होते. हे मागे येऊन उभे राहिले. हा माणूस स्वयंपाकघरात आपणहून येत नाही, तेव्हाच मी समजले की काहीतरी आत खोल लागलंय. म्हणाले, "बाबांनी जन्मात माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. चहासुद्धा स्वतः उठून घ्यायचे. आता पहिल्यांदा मागताहेत, आणि काय मागताहेत ते मला कळत नाही. ते जातील गं असेच."

मी तव्यावरची पोळी उलटली.

तिथून त्या रेकॉर्डी सुरू झाल्या. बस डेपोच्या मागे जिन्याखालच्या खोपटात एक रेकॉर्डवाला बसतो, ह्यांच्या ओळखीचा. जुना माल, धूळ, आणि धुळीत तो. ह्यांनी त्याला तो तुकडा तोंडानं म्हणून दाखवला. ह्यांचं गाणं म्हणजे गंजलेली बिजागरी, पण त्यानं ओळखला. म्हणाला, "अहो तेलवाले, ह्या तुकड्यावर किती जणांनी पोट भरलंय ठाऊक आहे? ह्याला रिफ म्हणतात. ह्याला मालक नाही. ज्यानं उचलला त्याचा. तुमच्या वडिलांनी ह्यातला कुठला ऐकलाय ते शोधायला हवं." आणि त्यानं ऐकायला म्हणून रेकॉर्डी दिल्या. ऐका, परत आणा, दुसऱ्या न्या.

झालं. ह्यांना तेवढंच पाहिजे होतं. ह्यांच्या डोक्यानं घेतलं की बाबांना हाच तुकडा हवाय, पण दुसऱ्या कुणाच्या हातचा. तरुणपणी कुठेतरी ऐकलेला असेल, उपाहारगृहात, कुणाच्या लग्नात. तो सापडला की बाबा जेवतील.

रोज संध्याकाळी हे हात धुऊन खाटेशी बसायचे आणि नवी रेकॉर्ड लावायचे. एकीत नुसता एक माणूस आणि गिटार, पाय आपटून ताल धरणारा. "टाका सैल आहे, पण शिवण सुटत नाही," हे म्हणाले. एकीत अख्खा ताफा, ढोलकं, माउथ ऑर्गन, आणि गिटारचा तो तुकडा बिचारा सगळ्यांच्या खाली दबलेला. एकीत कुणी पोरांनी विजेच्या गिटारवर तो इतका कडाडून वाजवलेला की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. हे म्हणाले, "पट्टा ताणलाय ह्यांचा." एकीत तुकडा पियानोनं घेतलेला आणि गाणारी बाई. हिच्या वेळी सासऱ्यांनी डोळे उघडले, मान उचलायला बघितली, ह्यांनी माझा हात घट्ट धरला. मग मान पुन्हा उशीवर पडली आणि बोट गोल गोल.

"जवळ आहे," हे म्हणाले. "बाईमध्ये काहीतरी आहे." आणि पुढचे कितीतरी दिवस बायकांच्या रेकॉर्डी.

ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं, खोटं कशाला बोलू. काज करता करता मी ओळखायची, हा मोकळी जागा पूर्ण सोडतोय, हा घाई करून आत घुसतोय. एक म्हातारा होता. घरातल्या जुन्या रेकॉर्डवर जो गातो तोच, म्हणे उतारवयात त्यानं तेच गाणं पुन्हा म्हटलेलं. तो गात नव्हताच. कामावरून आलेला माणूस चप्पल काढता काढता दिवस कसा गेला ते सांगतो, तसं सांगत होता. मला तो फार आवडला. ह्यांना मी ते सांगितलं नाही, नाहीतर मलाही पुढ्यात बसवून प्रश्न विचारले असते. सासऱ्यांना तो मुळीच चालला नाही. त्याच्या वेळी तर त्यांनी बोट इतकं जोरात फिरवलं की वाटी उपडी झाली आणि चादर परत माझ्या नशिबी आली.

आणि जेवण कमी कमी होत चाललं होतं. मी चमचा पुढे करायची, ते ओठ मिटून तो तुकडा गुणगुणायचे. गालफडं बसली. अंग पुसताना हाताला हाडं लागायला लागली.

एका संध्याकाळी माझा तोल सुटला. हे पिशवीतून नवी रेकॉर्ड काढत होते. मी म्हटलं, "अहो, पुरे करा आता. त्यांना गाणं नकोय, त्यांना शांतपणे पडू द्या. दिवसभर ते तुकडा म्हणतात, संध्याकाळी तुम्ही तुकडा लावता. मधल्यामधे माझा जीव जातोय. मी थकलेय हो." हे पिशवी हातात धरून उभे राहिले. भांडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ही एवढी लावतो. आवाज बारीक ठेवतो." आणि खरोखरच इतक्या बारीक आवाजात लावली की कुणालाच ऐकू आली नाही. मला स्वतःचीच लाज वाटली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

त्याच आठवड्यात आत्या आल्या. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न होईपर्यंत ह्याच घरात, दादा-वहिनींच्या संसारात राहिलेल्या. आता गुडघे धरून चालतात, पण तोंड अजून तरतरीत. आल्या आल्या मला म्हणाल्या, "किती वाळलीस गं, तुझाच पलंग लावायची वेळ आलीय." खाटेशी बसल्या, भावाचा हात हातात घेतला, डोळे पुसले, आणि मग कामाला लागल्यासारख्या चौकशा करायला लागल्या. ह्यांनी सगळी कहाणी सांगितली आणि दाखवायला म्हणून घरातलीच मूळ रेकॉर्ड लावली.

आत्यांनी थोडं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे असं मरगळल्यासारखं का वाजतंय रे?"

"मरगळल्यासारखं नाही आत्या, तसंच आहे ते. वेग बरोबर आहे, मी स्वतः लावलाय."

"बरोबर असेल तुझ्या कंपनीच्या हिशेबानं. ह्या घरात असं नव्हतं वाजत. मी रोज ह्याच्यावर केर काढलाय, मला सांगतोस? वहिनीचा आवाज चढा. तिला त्या बाप्याबरोबर गायचं असायचं आणि इतकं खाली जमायचं नाही. हिरमुसायची. मग दादानं कारखान्यात बसून पितळेची एक बारीक कडी बनवली आणि आतल्या मोटरच्या पुलीवर चढवली. पुली जाड झाली, थाळी भराभर फिरायला लागली, गाणं चढलं. वहिनीच्या गळ्यापर्यंत आणून ठेवलं त्यानं ते. ती तिथे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याच्याबरोबर म्हणायची. शब्द एक कळत नव्हता बयेला, पण म्हणायची. तुला आठवत नाही?"

हे हळूहळू खाली बसले. "आई म्हणायची ते आठवतंय," ते म्हणाले. "गाणं भराभर जायचं तेही आठवतंय. मला वाटायचं, लहानपणी सगळंच भराभर वाटतं."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. ते दोन रविवार, पसरलेले स्क्रू, मला सगळं डोळ्यांसमोर आलं. पुलीवर कुणाच्या तरी हातची पितळी कडी दिसली असेल. कंपनीची नाही. कुणाचा तरी जुगाड. ह्यांच्या हातांनी ती काढून टाकल्याशिवाय राहवणारच नव्हतं.

"मी काढली," हे म्हणाले. "आई जाऊन महिनाही झाला नव्हता. मी काढली, फेकली, आणि त्यांना बोलावून दाखवलं."

आत्या म्हणाल्या, "मग दादा काही बोलला नाही?"

"म्हणाले, आता बरोबर झालं."

खाटेवर सासरे गुणगुणत होते. चढ्या सुरात. आजारानं सूर बिघडलाय, असं आम्ही घरात येईल त्याला सांगत आलो होतो. सूर तसूभर हलला नव्हता. सूर हललेला होता तो प्लेअरचा, आणि बोट गोल गोल फिरवून ते बिचारे एवढंच सांगत होते की भराभर फिरव.

आत्यांना बसमध्ये बसवून आल्यावर ह्यांनी फळीवरचे सगळे डबे उपडे केले. वॉशर, स्प्रिंगा, खिळे, तुटक्या सुया. कडी कुठली मिळायला. मी म्हटलं, "नवी बनवा." ते म्हणाले, "माप कुठलं धरू? केसाएवढा फरक पडला तरी सूर हलतो. ते माप फक्त बाबांना माहीत होतं." आणि मग आम्ही दोघांनी एकदमच खाटेकडे बघितलं. कारण माप तिथेच होतं. महिनोन्‌महिने ते आम्हाला माप देत होते आणि मी डोक्याला ताप म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी रजा घेतली. स्वतःच्या तापातही न घेणारा माणूस. प्लेअर उघडला, पुलीवर चिकटपट्टीचा एक वेढा दिला आणि रेकॉर्ड लावली. एक कान प्लेअरकडे, एक बापाच्या तोंडाकडे. दोन सूर अजून लांब होते. सुई उचलली, आणखी एक वेढा. परत लावली. कितीदा तरी हेच. इतके दिवस हे दहा जणांच्या रेकॉर्डी एकमेकींशी ताडून बघत होते, आज पहिल्यांदा बापाशी ताडून बघत होते. सूर जवळ आले, एकमेकांना घासायला लागले, नको इतके कानाला टोचायला लागले. ह्यांनी पट्टीचा एक वेढा सोडला, बारीक पट्टी कातरून घातली आणि सुई टेकवली.

मी भांडी घासत होते. मला ते आधी कळलंच नाही, कारण कळण्यासारखं काही ऐकू येईना. रेकॉर्ड चालू होती आणि सासरे गुणगुणत होते, पण आवाज एकच. मी तशीच ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आले.

सासरे गुणगुणायचे थांबले. तुकडा चढला, पायरी घसरला, थांबला. मोकळी जागा आली. आणि त्या जागेत त्यांनी मान वळवली, सावकाश, सगळा जोर लावून, आणि दाराकडे बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, आणि आत्ताही माझ्याकडे बघत नव्हते, ते मला चांगलं कळत होतं. मी उभी होते त्या जागेकडे बघत होते.

हे जमिनीवर प्लेअरशी बसलेले होते. बापाच्या अंथरुणावर डोकं टेकून म्हणाले, "बाबा, तेव्हाच सांगायचं होतं ना. मला शिव्या द्यायच्या होत्या." सासऱ्यांनी डावा हात उचलून ह्यांच्या डोक्यावर ठेवला. नजर दारावरच होती.

गॅसवर दूध होतं. ते उतू जातंय हे मला वासावरून कळलं. मी हलले असते तर दार रिकामं झालं असतं. गाणं संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. शेगडी नंतर मीच घासली, दुसरं कोण घासणार.